जुन्या अवजड ट्रकची देखभाल: आधी मोजा, मग पाना लावा

एका जुन्या टिपरचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, ओढत नव्हता. दोन नव्या बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या, सेल्फ उघडून ब्रश आणि बुशही बदलून झाले होते. तरी सकाळी चावी फिरवली की इंजिन एकदा कण्हायचं आणि थांबायचं. मी केबिनमध्ये वाकून अ‍ॅक्सिलरेटरची केबल हातात धरली आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितलं. केबल चटकन गरम झाली. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजून तुटली होती आणि सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट म्हणून त्या बारीक केबलमधून जात होता. नवी पट्टी लावली, चासीवरचा रंग अंगठ्याएवढ्या जागेत चकाकेपर्यंत खरवडला, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं.

बॅटऱ्या आणि सेल्फ यांच्यावर जे गेलं होतं, त्यापुढे ती पट्टी काहीच नव्हती. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत मी सगळ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगतो. लक्षण दिसलं की लगेच पार्ट बदलू नका. आधी मोजा, कारण हाती लागू द्या, मग पाना लावा. वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या ट्रकमध्ये अर्धवट झिजलेले पार्ट डझनभर असतात. त्यातला कुठलाही काढून हातात घेतला तर ‘हाच गेलाय’ असं वाटतं. गाडी त्याच्यामुळेच उभी राहिली का, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

हा लेख डिझेलच्या, हवेच्या ब्रेकच्या आणि पाट्यांवर उभ्या असलेल्या जुन्या ट्रकबद्दल आहे: टिपर, टँकर, क्रेन बसवलेली गाडी, माल ओढणारा साधा ट्रक. इंजिन मेकॅनिकल पंपाचं धरलं आहे. कॉमन रेलला (फार जास्त दाबाच्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनाला) जे चालत नाही ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. कमिन्सच्या ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात थंड असताना टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी ठेवतात. हेच माप डोळे मिटून दुसऱ्या इंजिनाला लावलं तर व्हॉल्व्ह जळू शकतो.

गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम

जुना ट्रक विकत घेतला किंवा दुसऱ्याकडून चालवायला आला, तर आधीच्या माणसाने काय केलं होतं हे तोंडी माहितीवर सोडू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल उतरवा. ऑइल गरम असताना काढा, म्हणजे तळाशी बसलेला गाळही सोबत येतो.

उतरवलेल्या ऑइलमध्येच अर्धं निदान असतं. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पातळ झालं असेल, डिझेलचा वास येत असेल आणि डिपस्टिकवर पातळी वाढत चालली असेल, तर फीड पंपाच्या सीलमधून किंवा नोझलकडून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडून) डिझेल उतरतंय. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. चुंबकाला न चिकटणारे, तांबूस किंवा करडे चमकदार कण दिसले तर ते बेअरिंगचे असतात. डिफरन्शियलच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट असणं नेहमीचं आहे. टोचणारा तुकडा किंवा पापुद्रा निघाला तर हौसिंग उघडल्याशिवाय गाडी लोडवर पाठवू नका. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता आला तर फारच उत्तम. त्यात सिलिकॉन जास्त निघालं तर बहुधा धूळ इंजिनात जातेय, सोडियम किंवा पोटॅशियम निघालं तर कूलंट जातंय.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, तास, काय केलं आणि काय दिसलं, एवढंच लिहा. तास लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण कामाचा ट्रक पुष्कळ वेळ जागेवर उभा राहून चालतो: पीटीओ (इंजिनाची ताकद क्रेन-पंपाकडे नेणारी जोडणी) जोडलेला, क्रेन किंवा पंप फिरतोय, आणि मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही. जागेवर चाललेला एक तास म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरची झीज, असं धरायची पद्धत आहे. फक्त किलोमीटर पाहून ऑइल बदलणाऱ्यांची इंजिनं लवकर उतरतात ती यामुळेच.

रोज सकाळची फेरी

इंजिन थंड असताना, सुरू करण्याआधी, गाडीभोवती एक फेरी. पाच-सात मिनिटं लागतात. ऑइल, कूलंट, पट्ट्याचा ताण. वॉटर सेपरेटरमधून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि खाली पाण्याचा थर बसतोय का पाहा. मग गाडीखालच्या जमिनीकडे बघा. कालचा डाग आणि आजचा डाग वेगळा ओळखता आला पाहिजे, म्हणून गाडी शक्यतो रोज त्याच जागी उभी करा. चाकांच्या नटांवर नजर फिरवा. नटापासून बाहेरच्या दिशेने गंजाची लालसर रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला आहे. हवा टाक्या ड्रेन करा. त्यातून काय निघतं हे पुढे ब्रेकच्या भागात येईल.

एअर फिल्टरबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे कष्टाळू माणसंच चूक करतात. फिल्टर रोज काढून झटकला किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि रबराचं सीटिंगही बिघडतं. फिल्टर कधी बदलायचा हे रिस्ट्रिक्शन इंडिकेटरला (फिल्टर हवेला किती अडवतोय ते दाखवणाऱ्या काट्याला) सांगू द्या. बहुतेक अवजड इंजिनांना २५ इंच पाण्याचा स्तंभ, म्हणजे सुमारे ६ किलोपास्कल, ही मर्यादा असते. त्यापेक्षा महत्त्वाची तपासणी वेगळीच आहे. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा पाइप काढा आणि आत पांढरं फडकं फिरवा. ते स्वच्छ निघालं पाहिजे. त्यावर मातीची पुसट रेघ जरी आली, तरी क्लॅम्प, पाइपची चीर किंवा फिल्टरची बैठक यांपैकी कुठूनतरी धूळ आत जातेय. ही रेघ दुर्लक्षली तर रिंगा आणि लायनर एका मोसमात उतरतात.

हवा आणि ब्रेक

या भागात घाई करू नका. चाकांना पुढून-मागून पाचर लावा. स्प्रिंग ब्रेक चेंबरबद्दल (हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक लावणारा डबा) आधीच सांगून ठेवतो: त्याच्या मागच्या कप्प्यात प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तो कप्पा किंवा त्याचा क्लॅम्प कधीही उघडू नका. चेंबर बदलायचाच असेल तर आधी केजिंग बोल्ट लावून स्प्रिंग बांधून घ्या, आणि डबा गंजलेला असेल तर त्याला हात न लावता जाणत्या माणसाला बोलवा. याने माणसं दगावलेली आहेत.

हवेची चाचणी या क्रमाने करा.

१. गाडी सपाट जागेवर, पाचर लावलेली, इंजिन सुरू. काटा चढू द्या. गव्हर्नरने (हवेचा दाब ठरलेल्या हद्दीत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हने) साधारण ७.५ ते ८.५ बारच्या दरम्यान कॉम्प्रेसरचा लोड सोडला पाहिजे. थोड्या चढ्या आरपीएमवर ६ बारवरून ७ बारवर जायला पाऊण मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कॉम्प्रेसर थकलाय, त्याचं इनटेक तुंबलंय, किंवा कॉम्प्रेसरपासून टाकीकडे जाणारा पाइप आतून कार्बनने भरलाय. हा पाइप काढून आत पाहणं कॉम्प्रेसर उघडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. आधी तेच करा.

२. इंजिन बंद. पार्किंग ब्रेक सोडा आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरून ठेवा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरतो, तो सोडून द्या. त्यानंतरच्या मिनिटात एकट्या ट्रकला ०.२ बारपेक्षा आणि ट्रेलर जोडलेला असेल तर ०.३ बारपेक्षा जास्त उतार चालत नाही. जास्त उतरत असेल तर त्याच अवस्थेत दुसऱ्या माणसाने साबणाचं पाणी घेऊन फिरावं. ब्रेक दाबला असतानाच गळत असेल तर चेंबरचा डायफ्रॅम किंवा त्याचा पाइप. न दाबताही गळत असेल तर टाकी, व्हॉल्व्ह किंवा पार्किंगची लाइन.

३. आता ब्रेक वारंवार दाबून हवा मुद्दाम उतरवा. सुमारे ४ बारच्या आसपास बझर किंवा दिवा लागलाच पाहिजे. पुढे उतरवत गेलं की बहुतेक गाड्यांत १.५ ते ३ बारच्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतो. बझर वाजत नसेल तर गाडी बाहेर काढायची नाही.

टाक्यांमधून थोडं पाणी निघतं हे नेहमीचं आहे. पाण्यासोबत काळपट चिकट ऑइल रोज येत असेल तर कॉम्प्रेसर ऑइल टाकतोय, आणि ते ऑइल पुढे व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवतं. एअर ड्रायर असेल तर त्याचं कार्ट्रिज संपलंय असं समजा.

मग स्लॅक अ‍ॅडजस्टर. चेंबरमधून बाहेर येणारी दांडी (पुशरॉड) आणि शू फाकवणारा एस-कॅम यांना जोडणारा हा हात; झीज भरून काढायला तो आवळता येतो. हवा साधारण ६ ते ७ बार ठेवा. ब्रेक सुटलेला असताना पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करा, दुसऱ्याला ब्रेक पूर्ण दाबायला सांगा आणि खूण किती पुढे गेली ते मोजा. तीस नंबरच्या साध्या चेंबरला ५० मिमी आणि चोवीस नंबरला ४५ मिमी ही मर्यादा आहे. तिथे पोहोचेपर्यंत वाट पाहू नका. उतारावर ड्रम तापून फुगतो, तेवढा स्ट्रोक आणखी वाढतो, आणि थंड असताना जेमतेम लागणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर लागत नाही. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचा स्ट्रोक सारखा असला पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

हाताने सेट करायच्या अ‍ॅडजस्टरला चाक उचलून, शू ड्रमला लागेपर्यंत आवळा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे सोडा. ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर असेल आणि त्याचा स्ट्रोक पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर हाताने आवळून गाडी पाठवू नका. ऑटोमॅटिकला हाताने सेट करावं लागतंय म्हणजे तो तरी खराब आहे, नाहीतर एस-कॅमचे बुश झिजलेत किंवा ब्रॅकेट हलतंय. वरवर आवळलं की स्ट्रोक दोन दिवस बरोबर दिसतो आणि खरा दोष झाकला जातो.

सुरूच होत नाही

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: इंजिन फिरतच नाही, की फिरतंय पण पेटत नाही?

फिरत नसेल तर मल्टिमीटर काढा. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. एक १२.६ आणि दुसरी १२.१ दाखवत असेल तर रेडिओ किंवा पंखा एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट घेत नाही ना ते शोधा. ही जोडणी जुन्या गाड्यांत फार सापडते. त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. बारा व्होल्ट हवेच असतील तर कन्व्हर्टर लावा. बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीनेच बदला.

सेल्फ मारताना एखादी बॅटरी ९.६ व्होल्टखाली जात असेल तर ती थकली आहे. दोन्ही बॅटऱ्या टिकतायत आणि तरी सेल्फ संथ आहे, तर केबलमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या टर्मिनलवर थेट ठेवा, क्लॅम्पवर नको. काळा प्रोब सेल्फच्या जाड बोल्टवर. आता सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या वाटेत कुठेतरी गंज आहे. हेच अर्थिंगच्या बाजूने करा: एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर. सुरुवातीला सांगितलेल्या टिपरमध्ये हा आकडा तीन व्होल्टच्या वर होता. ही एक चाचणी आधी झाली असती तर काहीच उघडावं लागलं नसतं. इंजिन सुरू झाल्यावर बॅटऱ्यांवर २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे.

फिरतंय पण पेटत नसेल, तर सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाही: इंजिन फार संथ फिरतंय, कॉम्प्रेशन गेलंय, टायमिंग हललंय किंवा थंडीत हीटर काम करत नाही.

धूर नसेल तर सगळ्यात आधी पंपावरचा स्टॉपचा लीव्हर पाहा. त्याची केबल अडकलेली असते किंवा सोलेनॉइड ओढत नाही. ते ठीक असेल तर हवा काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, त्याच पद्धतीने. शेवटी दोन-तीन नोझलांचे पाइप अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की आवळा.

हवा काढली, गाडी चालली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, असं असेल तर टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूला हवा शिरतेय. इथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून ओलसर डाग शोधून काही मिळत नाही. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालवा. नळीत बुडबुडे दिसले की दोष टाकीच्या बाजूला आहे हे नक्की झालं. मग बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, जुनी रबरी नळी आणि टाकीतला उभा पाइप, या क्रमाने जा. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. इंजिन चालताना बुडबुडे नसतील आणि रात्रीतच डिझेल मागे उतरत असेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह पाहा.

धूर आणि कमी झालेला दम

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पहिल्यांदा एअर फिल्टर, नंतर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे सगळे पाइप आणि क्लॅम्प. टर्बोच्या पुढच्या पाइपला चीर असेल तर लोडवर फुस्स असा आवाज येतो आणि चिरेभोवती तेलकट काळा डाग उमटतो. हे सगळं नीट निघालं तरच नोझल काढून टेस्टिंगला द्या.

पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळ्यांना झोंबतो तो न जळलेल्या डिझेलचा. गोडसर वास येतो तो कूलंटचा, आणि मग हेड गॅस्केट किंवा लायनरकडे वळा. निळा धूर ऑइलचा. सकाळी सुरू करतानाच निळा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील. लोडवर सतत येत असेल तर रिंगा. टर्बोच्या आउटलेटमध्ये ऑइल साचलेलं असेल तर टर्बोची सील.

इंजिन एका सिलिंडरवर मिस होतंय असं वाटलं तर आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करा. नट सैल केल्यावर आवाज बदलतो तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा नट सैल करूनही काहीच फरक पडत नाही, दोष तिथे आहे. नटाभोवती फडकं गुंडाळा, चष्मा घाला, हात दूर ठेवा. ही चाचणी फक्त मेकॅनिकल पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि तिथली बारीक धार कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत मात्र मांस सडतं. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

झीज किती झाली याचा ढोबळ अंदाज ऑइल भरायच्या झाकणावरून येतो. इंजिन गरम, आयडलवर, झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांवरून खाली निसटणारा वायू, जास्त आहे. कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा.

गरम होतंय

कधी गरम होतं, यावर सगळं अवलंबून आहे. उभी असताना किंवा संथ चालताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा, पट्टा किंवा पंख्याचा व्हिस्कस क्लच. लोडवर, चढावर, वेगात चढतो, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलाय. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांतच वरचा होस दगडासारखा कडक होतो आणि टाकीत बुडबुडे येतात, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरतेय. बहुधा हेड गॅस्केट.

बाहेरून तुंबणं अनेकदा दिसत नाही, कारण कचरा रेडिएटरच्या पुढच्या तोंडावर नसतो. तो इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, ऑइल आणि गवताचा नमद्यासारखा थर होऊन बसतो. पंख्याच्या बाजूने आत टॉर्च धरा आणि पुढून बघा. प्रकाश आरपार येत नसेल तर इंटरकूलर सुटा करून पुढे घ्या आणि पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या धारेने फिन दुमडतात.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायची सवय मला अजिबात पटत नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि लोडवर गाडी आणखी तापते. संशय असेल तर तो पाण्याच्या भांड्यात टांगा आणि थर्मामीटर लावून पाणी हळूहळू तापवा. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बऱ्याचदा ८२ अंश. त्या सुमारास तो उघडायला लागला की चांगला आहे.

साधं नळाचं पाणी भरू नका. जुन्या अवजड इंजिनांत बहुधा वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरची नळी बाहेरून थेट पाण्यात असते. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षं पोखरत लोखंडाला आरपार भोक पाडतात. अवजड डिझेलच्या कूलंटमधलं अ‍ॅडिटिव्ह याच्यापासून वाचवतं. डीमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून बाहेर येतं.

खालची बाजू

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, मजबूत स्टँड लावा. टिपरची बॉडी वर असेल तर तिला लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली डोकंही घालू नका.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याला) ग्रीस मारताना चारही टोपणांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. एकातून येत नसेल तर ते टोपण किंचित सैल करून पुन्हा मारा. टोपणाभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात. तो क्रॉस बदला. शाफ्ट सोडण्याआधी स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा. एक दाता चुकून बसला तरी गाडी थरथरते आणि मग माणूस गिअरबॉक्समध्ये दोष शोधत बसतो.

डिफरन्शियलची सील पुन्हा पुन्हा जात असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) पाहा. तो चिखलाने बंद झाला की आतली हवा तापून सीलमधूनच वाट काढते.

पाट्यांमध्ये मेन पाटा तुटलेला आहे का हे चिखल काढल्याशिवाय दिसत नाही. यू बोल्ट ढिले झाले की सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल सरकते. नवे पाटे बसवले तर यू बोल्टही नवे घ्या आणि काही शे किलोमीटरांनी गाडी लोडवर असताना पुन्हा आवळा. चासीवर तारेचा ब्रश मारून बोल्टांच्या छिद्रांभोवती आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यांशी बारीक भेग शोधा. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. इतरत्र वेल्डिंग करायचं असेल तर बॅटऱ्या आणि अल्टरनेटर सोडा आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

चाकं

जुन्या गाड्यांत रिंगवाली, म्हणजे लॉक रिंगची चाकं असतात. ती उतरवण्याआधी, नट सैल करण्याच्याही आधी, व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर दोन्हीची सोडा. भरताना लोखंडी पिंजऱ्यातच भरा. सुटलेली रिंग माणसाला मारून टाकते. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर सरळ हवा भरून पुढे नेऊ नका. उतरवून आतून तपासा.

चाक बसवताना ड्रम आणि रिम यांच्या बैठकीवर जाड रंग किंवा गंज राहू देऊ नका. तो दबला की नट ढिले होतात. टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. काही जुन्या ट्रकांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, हे नवख्या मदतनिसाला आधीच सांगा. एक स्टड तुटला तर त्याच्या दोन्ही शेजारचेही बदला. दोन तुटले तर त्या चाकाचे सगळे.

शेवटी ट्रायल. लोड भरून दहा-पंधरा किलोमीटर जा, त्यात ब्रेक पाच-सहा वेळा नीट वापरा, आणि सुरक्षित जागी थांबून लगेच सगळ्या हबांजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. सगळे साधारण सारखे गरम लागले पाहिजेत. एखादा फार तापलेला असेल तर ब्रेक ओढतोय किंवा बेअरिंग आवळलंय. बाकीचे कोमट आणि एखादा अगदी थंड लागला, तर तिकडे पहिलं लक्ष द्या: त्या चाकाचा ब्रेक लागतच नाहीये. तसाच परत या आणि त्याच चाकाचा पुशरॉड मोजा.